मकर आणि लाटा: शाडू, लगदा आणि शिंपल्यांतून समुद्रदृश्य घडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाटेतून वर आलेला मकर (पुराणकथांतला जलचर), वर वळलेली सोंड, उघडा जबडा, मागे माशाची शेपूट आणि भोवती खडक-शिंपले, असं दृश्य घरच्या टेबलावर घडवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळी मापं ६० × ४५ सेंमी फळी आणि ३६ सेंमी लांबीचा मकर (सोंड सोडून) धरून दिली आहेत. आकार दुप्पट केला आणि मातीचा थर तेवढाच ठेवला, तर माती दुप्पट नव्हे, चौपट लागते. खरेदीआधी हा हिशेब करा.

मकर नेमका दिसतो कसा? मगरीसारखा की हत्तीसारखा?

दोन्हींसारखा, शिवाय माशासारखाही. बिहारमधल्या बराबर टेकड्यांतलं लोमश ऋषी लेणं इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं. त्याच्या दारावरच्या कमानीत तो बराचसा मगरीच्या वळणाचा आहे. पुढच्या शतकांत नाक लांबत वर वळलं, त्याची सोंड झाली आणि शेपटीच्या जागी वेलबुट्टी फुलली. कर्नाटकातल्या हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर मकरांची अख्खी रांग आहे. महाराष्ट्रातल्या माणसाला जवळचं म्हणजे वेरूळ: २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात गंगा मकरावर उभी आहे. पहिल्या कामासाठी आमची शिफारस हीच. अंग भरदार, वळणं मोठी आणि बारीक नक्षी बेताची, त्यामुळे मातीत ते जमतं. होयसळ मकर दगडातच शोभतो. त्याची जाळीदार नक्षी शाडूत पहिल्या धक्क्याला झडते.

एक अडचण मात्र फोटो पाहून लक्षात येत नाही. लेण्यांतले बहुतेक मकर भिंतीला चिकटलेले असतात, म्हणजे त्यांची एकच बाजू दिसते. तुमचा मकर चारही बाजूंनी दिसणार. समोरून जबडा किती रुंद, दोन डोळ्यांत अंतर किती, पाठीचा कणा कुठून वर येतो, हे शिल्पात सापडत नाही. तिथे खऱ्या मगरीचे वरून आणि समोरून काढलेले फोटो जवळ ठेवा. डोळे कपाळाच्या वरच्या कडेला, जबडा मागे रुंद आणि पुढे निमुळता, एवढं घेतलं तरी पुरतं. माती हातात घेण्याआधी बाजूचं आणि समोरचं अशी दोन चित्रं खऱ्या मापात कागदावर काढून भिंतीला लावा.

प्रमाण: डोकं १२ सेंमी, धड १३, शेपूट ११. डोकं एक तृतीयांश म्हणजे निसर्गापेक्षा बरंच मोठं, पण मकराचा सगळा रुबाब जबड्यात असतो. डोकं लहान झालं की तो पाल दिसतो.

मत्स्यावतार किंवा शेषनाग सोपा नाही का?

शेषनागाच्या फण्या पातळ आणि पसरट, त्या सुकताना वाकतात. मत्स्यावतारात वरचा अर्धा भाग माणसाचा, म्हणजे चेहरा आणि हात नीट जमायला हवेत. मकराचं प्रमाण थोडं चुकलं तरी कुणी नाव ठेवत नाही.

माती कोणती आणि किती?

शाडू. कोरडी पावडर ५ किलो आणि पाणी साधारण दीड लिटर. पाणी एकदम ओतू नका. आधी सव्वा लिटर घाला, माती रात्रभर ओल्या फडक्याखाली ठेवा, सकाळी मळा आणि लागेल तसं उरलेलं पाणी शिंपडा. मळताना बोटांना चिकटत नाही आणि बोटाएवढी वळी अर्धगोल वाकवली तरी तडकत नाही, तेव्हा माती तयार झाली. तयार मळलेली माती घेतली असेल तर साडेसहा किलो लागेल.

प्रत्येक पोत्यातली माती सारखी आकसत नाही. म्हणून आधी १२ सेंमी लांब, १ सेंमी जाड पट्टी लाटा, तिच्यावर बरोबर १० सेंमी अंतरावर दोन रेघा मारा आणि सुकल्यावर पुन्हा मोजा. अंतर साडेनऊच्या आसपास राहिलं तर ठीक. नऊच्या खाली गेलं तर त्या मातीत चाळलेली बारीक वाळू दहा टक्के मिसळा, नाहीतर अंगभर भेगा ठरलेल्या.

मळलेल्या मातीचे दोन भाग करा. तीन चतुर्थांश भाग खालच्या थरासाठी: त्यात ४० ते ५० ग्रॅम काथ्या दोन-दोन सेंमी कापून, मोकळा करून मळा. उरलेला भाग वरच्या थरासाठी, काथ्याविना.

सांगाडा कशाचा करू?

कण्यासाठी १० गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार दुहेरी पिळून. सोंड, पाय आणि पंखांसाठी १६ गेज. बांधायला २० गेजची जीआयच. बांधकामावर मिळणारी काळी बांधणी तार वापरू नका. ती ओल्या मातीत गंजते आणि महिन्याभरात गंजाचा पिवळा डाग रंगातून वर येतो.

तारेवर थेट माती बसत नाही, घसरते. आधी सगळीकडे सुतळी गुंडाळा. धडाच्या जागी वर्तमानपत्राचे बोळे सुतळीने घट्ट बांधून ७-८ सेंमी जाडीचा गाभा करा. कोलकात्याच्या कुमारटुलीतले मूर्तिकार हेच काम भाताच्या पेंढ्याने करतात. कोकणात पेंढा सहज मिळतो, तो घेतलात तर उत्तमच. गाभा भरायचा तो माती वाचावी म्हणूनही, पण खरं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

पुढचे दोन पाय आणि पोटाचा मधला भाग अशा तीन ठिकाणी तारेची टोकं फळीला भोकं पाडून खालून वळवा. फळी १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायवुडची. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) ओल्या मातीने फुगतं. फळीला दोन्ही बाजूंनी प्रायमर लावा; एकाच बाजूला लावला तर ती वाकते. खाली दोन लाकडी पट्ट्या ठोकल्या की उचलताना बोटं आत जातात.

भेगा का पडतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर असं की माती आकसते आणि आतली वस्तू आकसत नाही. तार, लाकूड, काच, दगड यांपैकी जे काही मातीत घट्ट अडकलं आहे, त्याच्याभोवती माती ताणली जाते आणि फाटते. कागदाचा किंवा पेंढ्याचा गाभा दबतो, मातीला आत सरकू देतो, म्हणून तो हवा. बहुतेक वेळा भेग कुठे पडली त्यावरून कारण कळतं.

पाठीवर कण्याच्या रेषेत सरळ भेग पडली तर तार गाभ्याच्या मधोमध नव्हती, पाठीच्या कातड्याला लागून होती. मानेवर किंवा शेपटीच्या मुळाशी गोल भेग असेल तर तिथे जाड आणि पातळ माती अचानक भेटली. पातळ भाग आधी सुकला, जाड भाग मागून आकसला आणि सांधा ओढला गेला. सगळ्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा म्हणजे वरचा थर खालच्यापेक्षा फार ओला होता, किंवा गुळगुळीत करण्याच्या नादात पाण्याचा हात जास्त फिरला. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला तर खालचा थर पूर्ण सुकल्यावर वरचा लावला गेला.

म्हणून दोन थरांमधली वेळ साधायची. पहिला थर १२ मिमी. त्यावर नखाने रेघ उमटते पण बोट रुतत नाही, अशा अवस्थेला सगळीकडे काट्याने आडवेउभे ओरखडे काढा, श्रीखंडाइतकी दाट केलेली माती ब्रशने लावा आणि वरचा ३ ते ५ मिमीचा थर दाबून बसवा. पहिला थर या अवस्थेला कोरड्या दिवसांत एका दिवसात येतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत. घड्याळ पाहू नका, नख लावून पाहा.

सोंड प्रत्येक वेळी मुळाशीच तुटते. काय चुकतं?

सोंड बोटाएवढी, डोकं मुठीएवढं. सोंड दीड दिवसात सुकते, डोकं आठवडाभर ओलं राहतं. मग डोकं आकसू लागतं तेव्हा सोंड आधीच टणक झालेली असते. उपाय: सोंडेला पहिल्या दिवसापासून ओल्या सुती चिंधीचं वेष्टण, वर सैल प्लास्टिक. चिंधी रोज ओली करा, पाचव्या दिवसापासून कोरडी होऊ द्या. सोंडेची तार डोक्यात किमान ५ सेंमी आत जाऊन कण्याला बांधलेली असावी. सोंडेवर माती ५-६ मिमीपेक्षा जाड नको आणि मुळाशी जाडी हळूहळू वाढत गेली पाहिजे. वळलेल्या सोंडेखाली सुकेपर्यंत स्पंजचा तुकडा टेकू म्हणून ठेवा.

खवले एकेक चिकटवू की ठसे मारू?

या आकाराला ठसे. कापलेली स्ट्रॉ ४५ अंशांत तिरकी धरून दाबली की अर्धचंद्र उमटतो. धडावर ९ मिमी, शेपटीकडे जाता जाता ४ मिमी, म्हणजे दोन-तीन जाडीच्या स्ट्रॉ किंवा रिकाम्या रिफिली लागतील. एका ओळीतला खवला मागच्या ओळीतल्या दोन खवल्यांच्या मधोमध यावा. एकेक चिकटवायचेच असतील तर शेपटीकडून सुरुवात करून डोक्याकडे या, तरच पुढचा खवला मागच्यावर चढतो. उलट केलं तर मासा मागे पोहताना दिसतो.

डोक्यावर खवले नकोत. तिथे हत्तीसारख्या सुरकुत्या, भुवईशी वेलबुट्टीचं एक वळण, बस. पूर्ण अंगावर सारखीच नक्षी असली की नजर कुठेच थांबत नाही.

डोळे आणि दात कधी बसवायचे?

माती पूर्ण सुकल्यावर. १४ ते १६ मिमीची काचेची गोटी ओल्या मातीत दाबली की दोन दिवसांनी डोळ्यातून चहूकडे भेगा निघतात. गोटीपेक्षा ३ मिमी मोठी खोबण ओली असतानाच कोरून ठेवा. सुकल्यावर गोटी एम-सीलने चिकटवा आणि पापण्या कागदाच्या लगद्याने घडवा. गोटीच्या मागच्या बाजूला सोनेरी रंगाचा एक हात दिलात तर डोळा आतून उजळतो.

दात एम-सीलचे किंवा तत्सम दोन भागांच्या पुट्टीचे. दोन्ही भाग समान घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा. मधे पट्टे दिसले तर तेवढा भाग कधीच कडक होत नाही. दोन-तीन दातांपुरतंच मळा, अर्ध्या तासात ते हाताबाहेर जातं. हातमोजे घाला.

सुकलं हे कसं ओळखायचं?

वजन करा. फळीसकट, त्याच वजनकाट्यावर, रोज त्याच वेळी. सलग दोन दिवस वजन बदललं नाही की सुकलं. वजनकाटा नसेल तर गालाला लावून पाहा: गार लागलं तर आत ओल आहे. कोरड्या हवेत ८ ते १२ दिवस, कोकणातल्या श्रावणात तीन आठवडेही. पहिले तीन दिवस पंखा आणि ऊन दोन्ही वर्ज्य.

पडलेली भेग कशी बुजवायची?

ओल्या मातीने नाही. ती पुन्हा आकसून पडते. भेगेच्या कडांना एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी असं मिश्रण ब्रशने पाजा. मग शाडूची कोरडी पावडर, चिमूटभर पिळलेला कागदाचा लगदा आणि फेव्हिकॉल एकत्र मळून दाबून भरा, थोडं उंच ठेवा आणि सुकल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. केसाएवढ्या रेघा भरत बसू नका, प्रायमर त्या खातो.

लाटा कशा करायच्या?

मकर पूर्ण सुकल्यावर, आधी मुळीच नाही. दोन्ही एकत्र केले तर मकर आकसून पाण्यापासून सुटतो आणि पोटाभोवती काळी फट राहते. ती फट म्हणजे दृश्याचा घात.

लाटेचा आकार खिडकीच्या अॅल्युमिनियम जाळीतून वळवा आणि टाचण्यांनी फळीला ठोका. वर कागदाचा लगदा: २५० ग्रॅम वर्तमानपत्र फाडून एक दिवस भिजवा, अर्धा तास उकळा, मिक्सरमधून भरपूर पाण्यात फिरवा, फडक्यातून पिळा. त्यात २०० ग्रॅम खडूची पावडर आणि १०० ग्रॅम फेव्हिकॉल. फेव्हिकॉलऐवजी मैद्याची किंवा चिंचोक्याची खळ चालते, पण तिला झुरळं येतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते. जुन्या पद्धतीत खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे, घरात मुलं असतील तर नकोच. लवंग तेलाचे आठ-दहा थेंब घाला आणि लगदा दोन दिवसांत संपवा.

लाटांची संख्या कमी ठेवा. मकराच्या छातीशी एक मोठी लाट, शेपटीमागे एक छोटी, बाकी पाणी शांत. सगळीकडे उसळलेला समुद्र केला की त्यात मकर हरवतो. लाटेचा माथा वळतो तिथे टिश्यू पेपर फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून चुरगळत लावा; फेसासाठी कापूस त्याच पाण्यात भिजवून, बोटांनी ओढून, अगदी विरळ. सुक्या कापसाचा गोळा चिकटवला की ढग दिसतो.

रेझिन ओतलं तर पाणी खरं दिसेल का?

दिसेल, पण पातळ थरातच. २० × ३० सेंमी डबक्याला ५ मिमी खोलीसाठी ३०० मिली लागतं. एका वेळी ५-६ मिमीपेक्षा जाड ओतलं तर तापतं आणि पिवळट पडतं. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. ते वजनाने आहे की मापाने, हे नीट वाचा, निम्मी चिकट राहिलेली कामं याच गोंधळाची असतात. फळी पाणसळ लावून समतल करा. माती आणि लगदा आधी वॉर्निशच्या दोन हातांनी बंद करा, नाहीतर त्यांच्यातली हवा बुडबुडे होऊन वर येते. दमट दिवसांत वर तेलकट, पांढुरका थर येतो. कडक झाल्यावर कोमट साबणपाण्याने धुतला की जातो. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, एक दिवस वरून खोका पालथा.

किनाऱ्यावरची वाळू, शिंपले, प्रवाळ वापरू का?

वाळू आणि शिंपले धुऊन. मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि रंगावर पांढरा थर धरतो. गोड्या पाण्यात दोन दिवस, पाणी चार-पाच वेळा बदलून. वास असेल तर उकळा. व्हिनेगर लावू नका, शिंपला विरघळतो.

सगळ्यात चांगला माल स्वयंपाकघरातच मिळतो: तिसऱ्यांची टरफलं, कालवांची कवचं, खुबे. पण मापाकडे बघा. ३६ सेंमीच्या मकराशेजारी ४ सेंमीचा शिंपला परातीएवढा वाटतो आणि मकर खेळणं होऊन जातो. एक सेंमीच्या आतलेच घ्या, मोठे फोडून त्यांचे तुकडे खडकात रोवा.

प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे उचलू नका, विकतही घेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्यांना संरक्षण आहे, काही मोठ्या शंखांनाही आहे. प्रवाळ घरी करणं अवघड नाही: तारेच्या फांद्यांवर लगदा, ओला असताना वर रवा भुरभुरा, सुकल्यावर रंग.

रंग कोणते?

ठेवणीचं काम असेल तर अॅक्रिलिक. आधी खडूची पावडर आणि पातळ फेव्हिकॉल यांचे दोन हात, मग रंग. ओल राहिलेल्या मातीवर अॅक्रिलिक फुगून सालपटासारखा निघतो.

मकराला निळा करायचा मोह टाळा. पाणी निळं-हिरवं आहे, तर अंग मातकट हवं: गेरू, पिवडी, थोडी काजळी, खवल्यांच्या खाचांत गडद हिरवा पातळ करून सोडायचा आणि उंचवटे ओलसर फडक्याने पुसायचे. पाण्यात सगळ्यात गडद रंग मकराच्या पोटाला लागून, माथ्याकडे फिकट होत. चकचकीत वॉर्निश फक्त पाण्याला आणि पाण्याच्या रेषेपर्यंतच्या ओल्या अंगाला, पाठीला मॅट. त्या एका फरकाने तो नुकताच वर आल्यासारखा दिसतो.

थर्माकोलचे खडक चालतील?

राज्यात २०१८च्या प्लास्टिक-थर्माकोल अधिसूचनेनंतर सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. पुठ्ठ्याचे तुकडे चुरगळून, वर लगदा दिला की खडक त्याहून चांगले होतात.

हे भट्टीत भाजता येईल?

नाही. आत तार, कागद, सुतळी आहे. भाजायचंच असेल तर कुंभाराची लाल माती, पोकळ अंग, कुठेही तार नाही, एकसारखी १ सेंमी जाडी, हवा निघायला भोक आणि सोंड वेगळी भाजून नंतर जोडायची. ते वेगळंच काम आहे.

मुलांना कशात घेता येईल?

मळणं, लगदा, खवल्यांचे ठसे, शिंपले रोवणं. पुट्टी, रेझिन आणि तार कापणं मोठ्यांकडे.

गणपतीपुढे देखावा म्हणून ठेवून नंतर विसर्जन करायचं आहे. काय बदलू?

जवळजवळ सगळंच. तारेऐवजी बांबूच्या कामट्या आणि सुतळी, गाभा पेंढ्याचा, डोळे मातीचेच, दात शिंपल्याच्या तुकड्यांचे. फेव्हिकॉल, पुट्टी, रेझिन, अॅक्रिलिक, वॉर्निश बाद. रंग गेरू, पिवडी, खडू आणि नीळ, डिंकाच्या पाण्यात कालवून. त्यावर ओला हात लागला तर रंग बोटाला येतो, म्हणून देखावा हार-फुलांच्या पाण्यापासून दूर ठेवा. लाटा लगद्याऐवजी निळ्या सुती कापडाच्या, चुण्या घालून टाचलेल्या. त्या धुऊन पुढच्या वर्षी परत कामाला येतात.

विसर्जन घरीच, मोठ्या बादलीत किंवा टबात. मकर पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या आणि ढवळू नका. न भाजलेली शाडू आपोआप सुटत जाते. दुसऱ्या दिवशी कामट्या आणि पेंढा काढा, वरचं पाणी ओता, खाली बसलेली माती जुन्या चादरीवर पसरून सुकवा आणि चाळून काथ्याचे धागे वेगळे करा. हीच माती पुन्हा मळता येते, मात्र तिच्यात रंग आणि डिंक उतरलेला असल्यामुळे ती फक्त खालच्या थराला वापरा. वरच्या थरासाठी नवी घ्या.